मी मेलो तो भाग

"काका, एक धक्का द्या."

"केवढा?"

"मध्यम. सून घर सोडून चाललीय एवढा. सून मेली एवढा नको, तो मागच्या महिन्यात घेतलाय."

मी मध्यम धक्का दिला. भुवया वर, हनुवटी खाली, डावा हात छातीच्या दिशेनं निघालेला पण पोहोचलेला नाही. पोहोचला की मोठा धक्का होतो. मिहीरनं, म्हणजे आमच्या दिग्दर्शकानं, तो समोरून घेतला, उजवीकडून घेतला, आणि मग कॅमेरा माझ्या नाकापर्यंत आणून घेतला.

"सुंदर! आता काळजी. मग कौतुक. मग संशय, आणि जेवायला सुट्टी."

"सून कुठं आहे?" मी विचारलं.

"ती आज नाहीये. तुम्ही त्या स्टँडकडे बघा."

मी दिव्याच्या स्टँडकडे कौतुकानं पाहिलं. इतकं की पुढे तेच कौतुक नातवाच्या बारशाला, सुनेच्या पुरणपोळीला आणि थोरल्या भावाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यानं डोळे उघडले तेव्हा, असं तीन वेळा वापरलं गेलं. मालिकेच्या धंद्यात याला 'स्टॉक' म्हणतात. महिन्यातून एक दिवस माझ्यासारख्या मागं उभं राहणाऱ्यांना रांगेनं बसवायचं, आणि नऊही रस काढून घेऊन ठेवायचे. पुढं गरज लागेल तसे चिकटवायचे. भरतमुनींना ही सोय सुचली नाही.

मालिकेचं नाव 'कुंकवाची रांगोळी'. कोल्हापूरजवळ एक बंगला भाड्यानं घेतला होता आणि त्यात एका खानदानी घराण्याची अब्रू रोज संध्याकाळी सात वाजता धोक्यात येत असे. त्या घराण्यातला मी अप्पाकाका. पांढरा सदरा, रंगवलेल्या मिशा, आणि जिन्याजवळची जागा. दोन वर्षं झाली होती, सहाशे भाग झाले होते, आणि त्या सहाशे भागांत अप्पाकाकांनी तोंडातून एक शब्द काढलेला नव्हता. नाही म्हणायला पहिल्या भागात मी "या" म्हणालो होतो. पाहुणे आले होते. पुढं संकलनात पाहुणे उडाले, त्यांच्याबरोबर माझं "या" गेलं.

मला त्याचं काही वाटत नव्हतं, असं मी इतरांना सांगत असे. मी शिद्राम, गोंधळ्याचा पोर. बापाच्या संबळामागं उभं राहून झील ओढण्यात बालपण गेलं, मग लोकनाट्यात राजाच्या मागं भालदार म्हणून उभा राहिलो. मागं उभं राहण्यात आमच्या घराण्याचा हात कोण धरणार?

पण माझी आई आंधळी होती.

काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. जतच्या पुढं आमचं गाव. तिथं ती एकटी राहायची, आणि शेजारची मालनवहिनी तिचं बघायची. मी घरी टीव्ही घेऊन दिला होता. रोज सातला गल्लीतल्या बायका आमच्या सोप्यात जमत, आणि तायव्वा, म्हणजे माझी आई, खांबाला पाठ लावून कान टवकारून बसे. साडेसातला मालिका संपली की मालनवहिनीच्या फोनवर माझा फोन.

"आये, बघितलंस का?" सवयीनं तोंडातून जायचं.

"बगतीय कशानं? कपाळानं?"

"ऐकलंस का, म्हणतो."

"आयकलं की. ती सून रडली, सासू वराडली, दार आपटलं. तू कुठं हुतास?"

"मी जिन्याजवळ होतो. मी काळजी केली."

"ती कशी आयकू येती?"

मागून मालनवहिनी म्हणायची, "आवं तायव्वा, आला हुता की शिदूभावजी! ह्ये एवढं मोठं तोंड दिसलं, रंगविलेल्या मिशांसकट."

"गप ग. तू त्येच्याकडनं हाईस." मग मला, "फोनात एवढं बोलतोस, मग टीवीत का न्हाई? दातखीळ बसती का तितं?"

"आये, माझं कामच तसं आहे."

"कसलं काम? बिनबोलायचं? आरं आपल्या घरात म्हैस बी बोलायची." मग तिचा आवाज एकदम खाली यायचा. "शिदू, खरं सांग. तितं च्या देतोस का? भांडी घासत असलास तरी मला चालंल. कष्टाला लाज न्हाई. पर ह्या बायकांस्नी शिकवून आंधळ्या आईला फशिवतोस, ह्ये बरं न्हवं."

हे दोन वर्षं चाललं होतं. सबंध महाराष्ट्र मला ओळखत होता. महालक्ष्मीच्या देवळात बायका माझ्या पाया पडत आणि सुनेला सांभाळा म्हणून सांगत. आणि ज्या एका बाईनं मला ओळखावं म्हणून मी नट झालो, तिच्या लेखी मी चहा देत होतो, आणि वर खोटंही बोलत होतो.

घरी जाऊन समोरासमोर पटवावं, तर सुट्टी नव्हती. पुढं बोलणाऱ्यांना सुट्टी मिळते. मागं उभा राहणारा प्रत्येक प्रसंगात लागतो. खोलीतली भिंत कधी सुट्टीवर गेलेली पाहिलीय?

तेव्हा मी एक वाक्य मागायचं ठरवलं. निनाद आमचा लेखक. बंगल्याच्या गच्चीवर बसून तो उद्याचं आज लिहायचा, आणि पुष्कळदा आजचंही आजच लिहायचा.

"निनादराव, मला एखादं वाक्य द्या."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. 'जेवून घ्या' चालेल. 'पाऊस येणार' चालेल."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, दोन वर्षांत पहिल्यांदाच. "अप्पाकाका, प्रॉब्लेम असाय, की तुम्ही बोलत नाही हीच तुमची ओळख झालीय. लोकांना वाटतं, या माणसाला सगळं माहितीय. तुम्ही 'जेवून घ्या' म्हणालात, की कळेल काही माहिती नाहीये."

"आईला ऐकायचंय हो माझं," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तो खरंच विरघळला. लेखक मंडळी चटकन विरघळतात, तो त्यांच्या कामाचाच भाग असतो. त्यानं पेन कानावर अडकवलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"काका, तुम्हाला मारूया!"

"अं?"

"मरताना सगळे बोलतात. आयुष्यभर गप्प राहिलेला माणूस शेवटी बोलतो, काय जबरदस्त होईल! मी पानभर देतो. सुनेचा हात हातात घेऊन. चालेल?"

म्हणजे हिशेब साधा होता. गप्प राहिलो तर ही मालिका चालेपर्यंत जिवंत. बोललो तर त्या दिवसापासून घरी, भिंतीवर, हारात.

"चालेल," मी म्हणालो.

त्यानं अकरा वाक्यं दिली. मी ती आठ दिवस म्हणत होतो. दाढी करताना म्हणे, डबा खाताना म्हणे, आणि मेकअपवाल्या दादांना तर ती माझ्या आधी पाठ झाली. मरणाच्या दिवशी सेटवर मी कुणाशी बोललो नाही, घसा जपला. खाटेवर निजलो, सुनेचा हात धरला, आणि अकराच्या अकरा वाक्यं अशी म्हटली, की दिवे धरणारा माणूस दिवा धरायचं विसरला. मिहीरनं "कट" म्हणायला उशीर केला. सून खरी रडली, तिला ग्लिसरीन लागलं नाही. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्यात एक पद्धत आहे. मेलेल्या नटानं उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं, म्हणजे अपशकुन टळतो. मी हसलो. मिहीर म्हणाला, "हे पण ठेवून घ्या रे, फ्लॅशबॅकला होईल."

शनिवारी तो भाग लागणार होता. मी शुक्रवारी मालनवहिनीला फोन करून बजावलं. "वहिनी, उद्या मी बोलणार. आईला टीव्हीच्या अगदी जवळ बसवा. आणि मी स्वतः येतोय, सातच्या आत पोचतो. पण ते तिला सांगू नका."

"आवं पर बोलनार काय?"

"ते ऐका उद्या."

मरणार आहे एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. नटाला शेवट आधी फोडवत नाही.

शनिवारी दुपारी एस.टी.त बसलो. कवठेमहांकाळच्या पुढं गाडीचा पट्टा तुटला. चालक उतरला, वाहक उतरला, दोघांनी इंजिनाकडे बघून मध्यम धक्का दिला. फोन मिरजेतच मान टाकून बसला होता. त्या दिवशी मरायची सगळ्यांनाच घाई. दुसरी गाडी आली, मी तीत उभा राहिलो, आणि सात वाजले तेव्हा मी एका गुळाच्या ढेपेवर हात टेकून, पुटपुटत, माझी अकरा वाक्यं म्हणत होतो. शेजारचा म्हातारा सरकून बसला.

फाट्यावर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मालनवहिनी तिथं रस्त्यातच उभी होती. मला बघून ती धावत आली, दोन्ही हातांनी माझे दंड चाचपले, आणि मग एकदम चिडली.

"मुडद्या! मरनार हाय म्हनून सांगायचं न्हाई व्हय? किती फोन लावलं!"

"ऐकलं का आईनं? बोललो ना मी?"

"कुठं बोल्लास? नुस्तं व्हट हाललं. मागनं ती बाई आऽऽ करून गानं म्हनाया लागली, आनि तू मेलास."

अकरा वाक्यांवर त्यांनी आलाप टाकला होता. सबंध.

"त्ये ऱ्हाऊ दे. घरला पळ आदी," वहिनी म्हणाली. "तू मेलास तशी आमी बायका रडलो. रडू आलंच की, आपला मानूस! चंपाक्का वराडली, 'शिदूभावजी गेलं गं!' म्हातारीनं त्ये आयकलं."

"अहो, पण तिला सांगायचं ना, टीव्हीत गेला म्हणून!"

"सांगितलं की! धाजनींनी सांगितलं. ती म्हनती, टीवीत तर तो कवाच न्हवता. मग टीवीत कसा मरंल? तुमी मला झाकून सांगताय. खरं सांगा, माजा लेक कुठं मेला?" वहिनीनं पदरानं नाक पुसलं. "तू येतोयस म्हनून सांगितलं, त्ये बी पटंना. सगळ्यास्नी भाईर काडलं तिनं. एकटीच बसलीया, वव्या म्हनतीया."

मी पळालो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्याआधी मी पळत होतो, ते खरं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. आई जात्यावर बसायची तेव्हा हा आवाज पहाटेला उशाशी यायचा. त्यावर मी वाढलो. पण आता त्याच्याखाली जात्याची घरघर नव्हती, तो उघडा होता, आणि त्यामुळं अंगावर येत होता.

*डोळ्यांचा माजा दिवा गं, कवाचा मालवला*
*कानाच्या उंबऱ्यावं, तुजा शबुद ठेवला*

दार अर्धं लोटलेलं. आत टीव्ही बंद. आई खांबाशी, गुडघे पोटाशी घेऊन, पुढंमागं डुलत होती.

*पेटीत हाय म्हनती, पेटीत न्हवता कवा*
*कोनत्या गं रानी माजा, राघू गेला देवा*

मी पायरीवर चप्पल काढली. हाक मारायला तोंड उघडलं. तिनं एक श्वास घेतला, लांब. गाणारा माणूस घेतोच.

*बोलाया लागला की, थांबं हिरीवं मोट*
*आसा गं बोलका माजा, कुनी शिवलं त्येचं व्हट*

तोंड उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं.

विहिरीवर मोट थांबायची. मी बोलायला लागलो की. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाप म्हणायचा, झील नीट ओढ. लोकनाट्याचा मॅनेजर म्हणायचा, भाला सरळ धर. मिहीर म्हणायचा, मध्यम. आणि इथं, माझ्या मरणावर, माझी आई म्हणत होती की मी बोललो तर बैल उभे राहायचे. आता "आये" म्हणालो असतो तर ते तिथंच संपलं असतं. मला पुढची ओवी हवी होती. एकच, असं मी मनाशी म्हणालो. दाराच्या चौकटीला हात लावून, दम आवरून, मी ऐकत उभा राहिलो.

*लेक माजा नटवा, त्येनं मिशा रंगविल्या*
*आयीला सांगायाच्या, गोष्टी समद्या इसरल्या*

ही मला जरा विचित्र वाटली. मरणाच्या ओवीत मिशा कशाला? पण दुःखानं माणसाचं भान सुटतं, असं म्हणून मी तेही सोडून दिलं. 'नटवा' एवढंच धरलं. ती मला नट म्हणाली होती. माझे डोळे भरून आले आणि, खोटं कशाला सांगू, कोणत्या बाजूनं उजेड पडलाय तेही मी पाहिलं.

आईनं डुलणं थांबवलं. चेहरा दाराकडे वळवला आणि अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत, म्हणाली,

*दारी उभा गं जीव, किती ऱ्हाईल मुका*
*दोन वर्सं झाली मला, न्हाई लेकाचा मुका*

गल्लीत कुणाची तरी शेळी ओरडली. आई थांबली होती. ती पुढं म्हणेना.

"आये," मी म्हणालो.

"आलास?" डोळे पदरानं पुसत ती म्हणाली. "चप्पल मगाच वाजली."

"कधी?"

"तीन वव्या झाल्या की."

मी हिशेब केला. मोट, मिशा, मुका. मी उंबऱ्यावर बसलो. "मग थांबली का नाहीस, आये?"

"तू आयकत हुतास न्हवं." तिनं हात पुढं करून चाचपडत माझा चेहरा शोधला, मिशांवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. रंगाचा आला असावा. "आयकनाऱ्याला मदीच कसं उठवायचं?"

"चुकलं माझं."

"चुकलं तर. जीव गेला हुता माजा." हात तिनं माझ्या गालावरून काढला नाही. "पर आता पटलं मला."

"काय पटलं?"

"तू च्या देत न्हाईस. टीवीतच हाईस."

"माझा आवाज तर लागलाच नाही टीव्हीत. कशावरून पटलं?"

"आरं, आई रडतीया, लेक मेला म्हनून. आनि लेक दारात हुबा ऱ्हाऊन आयकतोय, आपलं कवतिक सपतंय कवा, त्याची वाट बगत." ती हसली की रडली, मला आजही सांगता येत नाही. "च्या देनारा आत आला आसता, बाबा. पळत आला आसता. नटाबिगर हे कुनाला जमंल?"

आणि तिनं गाल पुढं केला.